तुंगाक्कांचा स्वल्पविराम

आमच्या नाटकमंडळीत तुंगाबाई प्रॉम्प्टर होत्या, आणि वाक्य काही त्या कधी सांगत नसत. मी राजाच्या वेषात, भरलेल्या थिएटरसमोर, शब्द विसरून उभा. विंगेतून मदत यावी तर प्रश्न येई, "अण्णा, युवराज आत्ता तुम्हाला काय बोलून गेला?" मला संताप यायचा, त्या संतापात वाक्य सापडायचं आणि प्रेक्षक म्हणायचे, वा, काय तो राजाचा क्रोध!

पुण्यातल्या नव्हे, आमच्या कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरात यांचं फोटो फ्रेमचं दुकान. शिक्षण कन्नड शाळेत, मराठी घरातली, मधूनमधून कन्नड 'सरी', म्हणजे 'बरं', पेरलेली. आता सत्तरी उलटल्यावर दर रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या मुलांना मराठी शिकवतात. सगळे त्यांना तुंगाक्का म्हणतात.

गेल्या महिन्यात शुभंकर नावाच्या आयटीवाल्या गृहस्थांनी तक्रार केली. पुण्याहून आलेले, मुलगी भार्गवी याच वर्गात. "काकू शिकवत नाहीत, नुसतं विचारत बसतात. त्यापेक्षा ऑनलाइन कोर्स घेऊ." चिटणीस गुंडूरावांना भांडणाची भीती. ते म्हणाले, "एक रविवार वर्गात बसा. तुम्ही नको म्हणालात तर वर्ग बंद."

तुंगाक्का माझ्याकडे येऊन बसल्या. "वर्ग गेला तर रविवारी मी काय करू अण्णा? दुकानात सून आहे. घरात टीव्ही आहे."

"एक दिवस व्याख्या पाठ करून घ्या. माणूस खूश होईल."

"सरी, बघते," म्हणाल्या. रविवारी त्यांनी फळ्यावर नुसता एक स्वल्पविराम काढला आणि विचारलं, "याचं नाव स्वल्पविराम. असं का बरं?"

मागच्या खुर्चीत शुभंकर, शेजारी मी. त्यांचे ओठ हलत होते; शाळेतली व्याख्या ओठांवर आली होती.

भार्गवी म्हणाली, "स्वल्प म्हणजे थोडं ना? ऑटोवाले अंकल म्हणतात, स्वल्प वेट माडि."

"मग?"

"मग इथे ऑटो थोडा थांबतो. उतरायचं नाही."

"आणि पूर्णविराम?"

"उतरा, पैसे द्या," सगळा वर्ग ओरडला.

भार्गवीनं फळ्यावर लिहिलं, 'मी आजीकडे, गेले आणि वडा इडली डोसा खाल्ला.' शुभंकर अर्धे उठले. "अगं, तिथे नाही..."

"स्वल्प थांबा," तुंगाक्का म्हणाल्या. ते थांबले, तेही अर्धवट उठलेलेच.

भार्गवीनं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'आजीकडे'पाशी थांबली तशी एक मुलगी म्हणाली, "ए, इथे ऑटो का थांबला? पेट्रोल संपलं?" भार्गवीनं ते चिन्ह पुसलं. मग खाण्याच्या पदार्थांपाशी अडखळली. "वडा इडली डोसा... हा तर एकच पदार्थ झाला, अक्का."

"खाशील का?"

"शी." तिनं वड्यापुढे एक चिन्ह घातलं, इडलीपुढे एक. "एकासारखे एक शब्द आले की मध्ये थांबायचं. नाहीतर सगळं एका प्लेटमध्ये येतं."

शुभंकर हळूच खाली बसले. माझ्या कानाशी म्हणाले, "एकाच जातीचे अनेक शब्द लागोपाठ आल्यास... हेच की हो."

वर्ग सुटल्यावर भार्गवीची आई न्यायला आली. ती शिक्षणावर संशोधन करते. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, याला ज्ञानरचनावाद म्हणतात. मूल आपल्या अनुभवातून ज्ञान स्वतः रचतं."

"नाव छान आहे," तुंगाक्का म्हणाल्या. "ऑटोत मावणार नाही."

गुंडूराव मात्र घाम पुसत उभे. "मग शुभंकरराव, काय ठरलं? वर्ग ठेवायचा की..."

शुभंकर फळ्याकडे बघत होते. "काकू, अर्धविरामाला ऑटो नेमका काय करतो?"

"मला कुठे ठाऊक? मुलांना विचारू."

"मग पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले. "गुंडूराव, कोर्सचं नंतर बघू. आधी हे कळू दे."