सारं पुसून शिकायला बसलेले इंगोले सर

मी पुण्याहून पदवी आणि बराचसा तोरा घेऊन वाशीमला परतलो, तेव्हा इथे सॉफ्टवेअरचं कार्यालय चालवणाऱ्या इंगोले सरांची पहिली भेट झाली. त्यांनी पदवीकडे पाहिलंच नाही. "प्रोग्राम फसला तं किती वेळ चिडून राह्यतं?" एवढंच विचारलं. "पाच मिनिटं," मी म्हणालो. "लय होते बावा," असं म्हणत त्यांनी मला कामावर घेतलं.

आपल्या जिल्ह्यातल्या अनेक लॅबमधून रक्त तपासणीचा जो रिपोर्ट हाती पडतो, तो सरांच्या प्रोग्राममधून निघतो. एका लॅबमालकांनी रिपोर्टवर स्वतःचं नाव मोठं आणि रुग्णाचं बारीक मागितलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "आजारी कोन हाय, तुमी का तो?" मालकांचं नाव बारीकच राहिलं.

गेल्या वर्षी मात्र लॅबवाल्यांना रिपोर्ट मोबाइलवर हवे झाले. सरांच्या जुन्या प्रोग्रामला ते जमेना आणि बाहेरच्या कंपन्यांची माणसं लॅबच्या पायऱ्या चढू लागली. लॅब गेल्या असत्या, तर आमच्या कार्यालयाला कुलूपच लागलं असतं. उपाय एकच होता: सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या नव्या तयार सांगाड्यात, पुन्हा उभारायचं. आम्ही आदराने सुचवलं, "सर, तुम्ही आता आराम करा." सरांनी त्याच आदराने दुर्लक्ष केलं आणि काम स्वतः उभारलं.

मंगरूळपीरच्या लॅबमध्ये खोटी नावं भरून नव्या प्रोग्रामची चाचणी होती. तिथल्या सीमाताई ओरडल्याच, "सर, हे काय होऊन राह्यलं? मघाच्या मानसाची शुगर या आजीच्या नावावर दिसते!"

चूक मला लगेच दिसली. नव्या पद्धतीत आपण फक्त माहिती बदलायची. ती पडद्यावर दाखवायचं काम फ्रेमवर्क करतं. सरांनी आयुष्यभराच्या सवयीने पडद्यावरही स्वतःचा हात फिरवला होता, म्हणून आधीचा आकडा तिथेच चिकटून राहिला. अशी चूक करायला तीस वर्षांचा अनुभव लागतो. नवशिक्याला ती जमणारच नाही.

वाशीमला येताच सरांनी सगळं पुसून टाकलं. सगळं!

"सर! दोन ओळींचं काम होतं!"

"तुले दोन दिसल्या. मायी सवय किती जागी शिरली असन, ते कोन सांगन? उद्या खऱ्या आजीले चुकीची गोळी भेटन." मग भर कार्यालयात माझ्याशेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "पह्यलेपासून शिकव. अन् मी मधात जुनं सांगाले लागलो, तं गप बस म्हन."

सर मध्ये बोललेच. मी, जो गावात कुणाचीही टोपी उडवतो, चाचरत म्हणालो, "गप बसा, सर." सगळ्यांचे कीबोर्ड थांबले. आणि सर खरोखर गप बसले! हा धक्का मी अजून पचवतो आहे.

मग सरांनी सगळं नव्याने लिहिलं. दुसऱ्या चाचणीला सीमाताईंनी मुद्दाम भराभर नावं उलटसुलट केली. ज्याची शुगर त्याच्याच नावावर राहिली. "आता चुकवूनही चुकत नाही, सर," त्या म्हणाल्या. लॅब टिकल्या, आम्हीही टिकलो.

सर, आज आपण साठ वर्षांचे झालात. तब्येत ठणठणीत ठेवा, शंभरी गाठा. हे फ्रेमवर्क लवकरच म्हातारं होईल. आपल्याला तशी मुभा नाही.