तुमी खोटं चुकता

चंद्रपुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. धानाच्या दिवसांत लोक पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन येतात, मी तार गुंडाळत असताना समोरच्या स्टुलावर बसतात आणि हळूच विषय काढतात. "भाऊ, वहिनीनं यंदा किती गोल मारले?" एक तर गोल नाही, बास्केट. आणि ती बास्केट फारशी मारत नाही म्हटलं की माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो की माझं डोकंच सणकतं. मग मी तार बाजूला ठेवतो, त्याला समजावत बसतो, आणि त्याची मोटार दुसऱ्या दिवसावर जाते.

तर ऐका. बास्केटबॉलमध्ये जेवढे बॉल रिंगमधून जातात, त्याहून जास्त रिंगला लागून बाहेर येतात. बाहेर आलेला बॉल कोणाचाच नसतो. खाली पोरी हात वर करून, एकमेकींना पाठ लावून जागा धरून उभ्या असतात. त्या गर्दीतून माझी बायको तो बॉल काढून आणते. त्याला रिबाउंड म्हणतात. दुसऱ्याचं चुकलं की हिचं काम सुरू. राज्याच्या संघात घेतलं ते यासाठी, नोकरी लागली ती यासाठी, आणि पेपरात कधी फोटो आला नाही तोही यासाठीच.

ती एटापल्लीकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. शाळेत बॉल एकच होता आणि शॉट मारायला मोठ्या पोरी पुढे असायच्या. लहान पोरींच्या हाती बॉल यायचा तो त्यांचा चुकलेलाच. तीच सवय लागली, असं ती म्हणते. पुढे एका कार्यालयानं तिला संघासाठी नोकरीवर घेतलं. सकाळी सही करायची, थोडं कागदांचं काम, बाकी दिवस मैदान. देशभर हिंडून आली. मी फार तर नागपूरपर्यंत जायचो, तेही तांब्याची तार आणायला.

आमचं लग्न ठरवून झालं. पाहायला गेलो तेव्हा ती दारातून वाकून आत आली. माझी माय तिच्याकडे वर बघत राहिली आणि मला म्हणाली, "चला, माळ्यावरचं काढाले शिडीचा खर्च वाचला." मला वाटलं, आता मोडतं लग्न. पण पोरगी हसली. ते हसणं पाहून मी तिथंच गार पडलो, आणि खरं सांगतो, अजून तसाच आहे.

पोरगी झाली आणि खेळ थांबला. कार्यालयानं समजून घेतलं, पण संघात तिच्या जागी दुसरी आली. पोरगी चालायला लागली तेव्हा संघाच्या नागपूरमधल्या निवड शिबिराचा निरोप आला. वयानं तिशी ओलांडलेली. आता गेली नाही तर आयुष्यभर टेबलावर बसून सह्या करायच्या, हे तिला कळत होतं. ती सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी गेली आणि लेकराला सांभाळायला चला म्हणून मायला विचारलं.

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येतो. पण एक डाव. घेतलं तं खेळ, मी पोरगी पाह्यतो. नाई घेतलं तं बॉल सोडायचा. मंग घर पाह्यचं, अन् दुसऱ्या लेकराचं मनावर घ्याचं."

मी तोंड उघडलं. हा काय बाजार मांडला, असं म्हणणार होतो. पण बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाली, "कबूल, आई." तिचा शब्द म्हणजे शब्द. म्हणूनच मला जास्त राग आला.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही तिघं-चौघं भल्या पहाटे कॉलनीच्या मैदानावर. चंद्रपूरचा उन्हाळा, सूर्य वर आला की सिमेंटवर पाय ठेववत नाही. आधी खराट्यानं कोळशाची काळी भुकटी झाडायची, मग बॉल काढायचा. झुडपांकडे बिबट दिसला म्हणून कोणी सांगितलं की त्या दिवशी सुट्टी. माय पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसायची आणि तोंड वाकडं करून आमचा तमाशा बघायची.

आता रिबाउंडचा सराव करायचा तर कोणीतरी शॉट चुकवायला पाहिजे ना? तो मान माझा. मी जन्मात बास्केटबॉल खेळलो नव्हतो. मी फेकायचो, बॉल रिंगला ठण्णकन लागून कुठंही उडायचा, आणि बायको उडी मारून तो वरच्या वर धरायची. ती खूश, मी खूश. माझ्या नालायकीचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता. मायनं एक दिवस विचारलं, "हे नेमकं करून काय राह्यली?" मी म्हटलं, "लोकायचं चुकलेलं पकडते." माय म्हणाली, "मंग नवरा बरोबर पाह्यला तिनं."

घोटाळा पुढे झाला. रोज फेकून फेकून माझा हात बसला. बॉल आत जायला लागला. पहिल्यांदा लागोपाठ गेले तेव्हा मी छाती काढून तिच्याकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "मी इथी काऊन उभी आहो? टाळ्या वाजवाले?" म्हटलं, ठीक आहे, मुद्दाम चुकवतो. पण तेही तिला चालेना. मी हात उचलला की ती आधीच त्या बाजूला जाऊन उभी.

"तुमी खोटं चुकता," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावरूनच समजते. ज्याले टाकाचंच असते, त्याचंच खरं चुकते."

मी चिडलो. चुकायलाही शिकावं लागतं म्हणजे हद्द झाली. बॉल आपटला आणि जाऊन पायरीवर बसलो. माय तशीच उठली, पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "दे इकडं."

धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीवरून पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या फेकतात, तसा तिनं दोन्ही हातांनी खालून बॉल भिरकावला. तो बोर्डाच्या कडेला लागून मागच्या झुडपाकडे निघाला आणि बायको त्यामागे जीव घेऊन पळाली. परत आली ती हसत. "आई, अजून एक." मायचा बॉल कुठं जाईल हे मायला कळायचं नाही, बोर्डाला नाही आणि देवालाही नाही. आणि मायला तो मनापासून आत टाकायचा असायचा, हे विशेष. जाता जायचा नाही. "मेला कडेलेच लागते," म्हणून ती पुन्हा मागायची. माझी बढती होऊन मी पोरगी सांभाळायला लागलो.

त्या महिन्यांत मी दोघींना जवळून पाहिलं. माय फेकताना ओरडायची, "पाय हालव वं, झोपली का?" घरी आल्यावर तिच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. बाजूच्या बाईनं एकदा विचारलं, "आता दुसरं कधी?" तर माय म्हणाली, "आता तिची निवड आहे, मधात बोलू नका." करार मात्र दोघींपैकी कोणीच मोडीत काढला नाही. त्याचं नावही निघत नव्हतं. मला वाटायचं विचारावं, पण हिंमत झाली नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी नागपुरात निवडीचा सामना होता. आम्ही पोरीला घेऊन वर बसलो होतो. पहिल्या अर्ध्यात बायकोनं दुसऱ्या कोणाला रिबाउंड घेऊच दिला नाही. दोन्ही बाजूंचे चुकलेले तीच काढत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बास्केट मारणारीला. मायनं शेजारच्या माणसाला कोपर मारून सांगितलं, "तो बॉल माह्या सुनेनं आणला, म्हणून हिनं टाकला." दुसऱ्या अर्ध्यात मात्र तिचे पाय जड झाले. ती उडी मारायची, पण एक उंच, कोवळी पोरगी तिच्या वरून बॉल घेऊन जायची. पुन्हा पुन्हा तेच. मला बघवेना, मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत बसलो.

बारा नावं वाचली. तिचं नव्हतं. प्रशिक्षकबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, हात तसेच आहेत, पायांत दम आला की पुढच्या शिबिराला ये. ती मान हलवत राहिली. पुढचं शिबिर तिच्या हिशेबात नव्हतंच.

परतीच्या बसमध्ये तिघांच्या सीटवर बसलो. मी खिडकीशी, मध्ये माय, कडेला बायको, कारण तिचे पाय मावत नाहीत. पोरगी मायच्या मांडीवर झोपली. वरोरा आलं. मग बायकोनं बॅगेतून बॉल काढला, मायच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "आई, मी शब्द देल्ला होता. नाई घेतलं. आता घरी राह्यतो." रडत नव्हती. तिचा आवाज अगदी शांत होता.

मायनं बॉलकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"कोनता शब्द?"

"आई, गावी. तुमी तांदूळ निवडत होत्या तवा."

"मले तं काईच आठवत नाई," माय म्हणाली. "माह्या वयाले कुठी आठवते सारं?" माझ्या मायला माझ्या बारशाला कोणी किती पोळ्या खाल्ल्या तेही आठवतं. बायकोनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. त्यासाठी तिला कितीतरी वाकावं लागलं. मायनं एका हातानं लेकराला धरलं, दुसऱ्या हातानं तिला, आणि मला म्हणाली, "तो बॉल उचल. अन् उद्या दुकान उशिरा उघडजो."