अक्रोडाखालचा लाम्ब्रोस

अक्रोडाचं झाड उभ्याउभ्या दोनशे पावलं खाली सरकलं आणि अग्लायाची पंचाईत झाली.

आग्राफाच्या डोंगरात दरडींचं कुणाला नवल नाही. तुर्कांना चारशे वर्षांत हा मुलूख नीट मोजता आला नाही, आणि आम्हालाही जमलेलं नाही, कारण इथे मोजलेलं जागेवर राहत नाही. पण त्या फेब्रुवारीत कहर झाला. वरच्या उताराचा मोठा लचका सुटला आणि शेजारच्या सेराफिमच्या आईच्या रान-नाशपातीला गाडून ओढ्यापर्यंत गेला. अग्लायाचा अक्रोड मात्र मुळांनी कवटाळलेल्या मातीसकट खाली आला आणि सेराफिमच्या द्राक्षमळ्यात मधोमध उभा राहिला. एप्रिलात त्याला पालवीसुद्धा फुटली.

त्या अक्रोडाखाली अग्लायाचा भाऊ होता. लाम्ब्रोस अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, यादवीत, बंडखोरांच्या बाजूने लढताना मेला. खेचरं हाकणाऱ्या झिसिसने त्याला बर्फात पुरलं, आणि कुठे ते आईच्या कानात एकाच वाक्यात सांगितलं. बंडखोराच्या थडग्यावर क्रूस लावायची सोय नव्हती. आई झाडाला पत्र्याच्या डब्यात दिवा टांगायची. आईमागून अग्लाया दर शनिवारी टांगू लागली. अशी पंचावन्न वर्षं गेली.

आमच्याकडे माणूस मातीत कायमचा ठेवत नाहीत. काही वर्षांनी उकरतात, हाडं दारूने धुतात आणि पेटीत घालून देवळामागच्या खोलीत आपल्या माणसांशेजारी ठेवतात. लाम्ब्रोसचं तेवढं राहिलं होतं. आधी भीती होती, मग नवरा म्हणाला, कशाला जुनं उकरतेस. आता नवरा गेला होता, गुडघे गेले होते, आणि लेक शहरात, लामियाला, चल म्हणून मागे लागली होती. लाम्ब्रोसला आईशेजारी ठेवल्याशिवाय अग्लाया बसमध्ये पाय ठेवणार नव्हती.

पण उकरायचं कुठे? झाड होतं तिथे, की झाड आहे तिथे?

कॉफीच्या दुकानात दोन तट पडले. एक म्हणे, माणूस मातीत असतो, झाडात नाही. दुसरा म्हणे, अहो, पण मातीच खाली आली ना! अग्लाया सकाळी याचं ऐकून वर जायची, दुपारी त्याचं ऐकून खाली यायची. जुन्या जागी नुसता खडक उघडा पडला होता. त्या खडकाकडे बघून एकदा ती मोठ्याने म्हणाली, "लाम्ब्रोसा, मेल्या, निदान तू तरी सांग!"

शेवटी तिने सेराफिमचं दार ठोठावलं. दोघांचं चाळीस वर्षं अक्रोडांवरून वाजलेलं. पूर्वी फांद्या त्याच्या बांधावर यायच्या, आता अख्खं झाडच त्याच्या मळ्यात.

"ये, ये," सेराफिम दारातूनच म्हणाला. "झाड न्यायला आलीस? मग पिशवी मोठी हवी होती."

"चेष्टा पुरे. मला मुळाशी खणू दे."

"तू खणणार? तुला खाली वाकलेलं कोणी पाहिलंय का दहा वर्षांत?"

"मग तू खण. एवढी वर्षं माझे अक्रोड खाल्लेस, ते कुठे गेले?"

सेराफिमने त्सिपुरो दारूचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि कुदळ काढली. त्याचा भाऊ क्रिसान्थोसही, लाम्ब्रोस गेला त्याच आठवड्यात गेला होता. तो सरकारी फौजेत होता आणि पळून घरी येताना गारठून मेला. पळपुट्यालाही क्रूस नव्हता. त्यालाही झिसिसनेच पुरलं, नाशपातीखाली. तिथे सेराफिमच्या आईचा दिवा असे. त्याला उकरायचं नाव काढलं की ती म्हणायची, निजू द्या पोराला. मग ती गेली, आणि नाशपातीही गेली.

शनिवारी सकाळी गावचे पाद्री पापा-फोतिस प्रार्थना म्हणत उभे राहिले. सेराफिम जपून खणत होता, आणि कंबरेइतका खड्डा झाल्यावर कुदळ थांबली. आधी बूट निघाले.

"फौजी बूट," पापा पुटपुटले.

"तेव्हा सगळ्यांच्याच पायांत तेच असायचे," अग्लाया म्हणाली. "मेलेल्यांचे काढून घालायचे."

मुळं फासळ्यांतून गेली होती. मुळांनीच त्याला धरून खाली आणलं होतं. अग्लायाला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदाने. तिने परातीत दारू ओतली, कवटी मांडीवर घेतली आणि ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. मग डोळ्यांच्या खोबणी, मग जबडा. तिथे तिचा हात थांबला.

वरचे सगळे दात जागेवर होते. पुढचे तर धडधाकट.

सात वर्षांची असताना तिने लाम्ब्रोसला गोफणीने दगड मारला होता. पुढचा दात अर्धा तुटला. पुढे तो हसताना ओठावर हात धरायचा आणि तिच्याकडे बघून डोळा मारायचा.

तिने पुन्हा फडकं फिरवलं. पुन्हा दात मोजले. दात वाढतो का मातीत? असा वेड्यासारखा विचारही तिच्या डोक्यात येऊन गेला. झिसिस भेदरलेला होता, बर्फात दोन मढी, दोन झाडं, दोन आया. कुणाला कुठलं झाड सांगितलं त्याने?

सेराफिम खड्ड्यातून बघत होता. मोतीबिंदूने त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पेटी आईशेजारी गेली असती, आणि ती लामियाला.

"सेराफिमा," ती म्हणाली, "वर ये. हा तुझा आहे."

"माझा कोण?"

"क्रिसान्थोस. धर नीट. आम्ही मायलेकींनी पंचावन्न वर्षं याला दिवा लावला रे!"

सेराफिमने चाचपडत कवटी हातात घेतली. अंगठा एकेका दातावरून फिरवला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे आमची आई तुमच्या..."

"हो."

"रोज जायची गं ती. तापातसुद्धा."

क्रिसान्थोसची पेटी त्याच्या आईशेजारी गेली. दुसऱ्या शनिवारी दोघं दरडीच्या राडारोड्यावर उभी होती.

"कुठे होती नाशपाती?"

"इथे. नाही, थांब, त्या पांढऱ्या दगडापाशी."

"तो दगडही सरकलाय ना!"

"मग तिकडे असेल."

"तुझ्या आईबरोबर एकदाही आला नाहीस का रे, दगडा?"

"आलो होतो. तेव्हा डोंगर वेगळा होता."

अग्लायाने दिवा तिथेच एका धोंड्यावर ठेवला. पुढच्या शनिवारी एक पाऊल पुढे ठेवला, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक पाऊल. ओळ संपली की सेराफिम खुंटी ठोकतो आणि ती वरच्या ओळीला लागते. कुठल्या तरी शनिवारी दिवा लाम्ब्रोसच्या वर असेलच, असा तिचा हिशेब आहे. लेक लामियाहून फोन करते, "आई, कधी येतेस?"

"येते," अग्लाया म्हणते. "अजून ओढ्याकडची बाजू राहिलीय."