बहिणींच्या लग्नाला हरकत

नाइर ओलिबेरा कुणावर संशय घेते आहे, हे तिच्या एका शब्दावरून कळायचं. आमच्या पासो देल साउसे गावात माते, म्हणजे कडू पानांचा चहा, सुक्या भोपळ्याच्या पेल्यातून हातोहात फिरतो. नळीने कडू घोट ओढायचा, भोपळा परत द्यायचा, पुन्हा गरम पाणी पडतं आणि पुढच्याची पाळी येते. परत देताना ‘आभार’ म्हटलं की समजायचं, या माणसाला पुरे झालं. नाइर एरवी थर्मास रिकामा होईपर्यंत प्यायची. पण समोरच्याबद्दल शंका आली की पहिल्याच घोटाला म्हणायची, “आभार.” पोस्टमनला एकदा असं म्हणाली, तेव्हापासून तो तिच्या फाटकाशी सायकलवरून उतरत नाही.

आमचं घर तिच्या घराला लागून. ती गुराख्यांच्या झोळदार विजारी शिवायची आणि मी शिवणयंत्राशेजारी बसून चिंध्या गोळा करायचे. तिच्यासोबत राहणारी एलिदा टेलिफोन केंद्रात होती. तिने अर्ध्या गावाची भांडणं तारेवरून ऐकली होती, तरी तिचा सगळ्यांवर विश्वास. नाइरने कुणाचंच काही ऐकलं नव्हतं आणि तिचा कुणावरच नव्हता.

गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. लष्कराच्या राजवटीत दोघी एका पेटीनिशी इथे उतरल्या, तेव्हा ठाण्यावरच्या शिपायाने विचारलं होतं, तुम्ही एकमेकींच्या कोण? नाइर उत्तराची जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात एलिदा म्हणाली, “बहिणी.” मग बहिणीच. चेहऱ्यांत काही साम्य नव्हतं, पण गावाने तेही शोधून काढलं. दोघींची हनुवटी म्हणे एकाच साच्यातली. घरात मात्र ‘बहीण’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. माझ्या हे ध्यानात आलं तेव्हा मी बरीच मोठी झाले होते, आणि आल्यावर मीही काही बोलले नाही.

त्या ऑगस्टमध्ये बाईला बाईशी लग्न करू देणारा कायदा लागू झाला. एलिदाने रेडिओचा आवाज वाढवला. नाइरने यंत्राचा वेग वाढवला.

“आता आपल्यालाही करता येईल,” एलिदा म्हणाली.

“करता येईल म्हणजे नाव लिहून देता येईल. यादी करतायत, बाई. यादी तयार झाली की सरकार बदलायला कितीसा वेळ लागतो?”

“आता कुठे राहिलंय लष्कर?”

“तेव्हा तरी आदल्या दिवशी कुठे होतं?”

एलिदाने वाद घातला नाही. ती फक्त म्हणाली, “मोन्तेविदेओचा दरवाजा आठव.”

आदल्या वर्षी एलिदाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. राजधानीतल्या इस्पितळात नाइरने ‘बहीण’ म्हणून सांगितलं, तर परिचारिकेने दोघींची ओळखपत्रं मागितली. आडनावं वेगळी, आईवडील वेगळे. नाइर बाहेरच्या बाकावर राहिली, एलिदा शुद्धीवर आली की नाही हे झाडूवाल्याला विचारत. बहीण हा शब्द गावापुरता चालणारा होता. आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती.

नाइर तयार झाली. मनापासून नव्हे, दात काढायला तयार व्हावं तशी.

लग्नाआधी न्यायालयाच्या दारावर नावं लावतात. कुणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावं. आठवडाभरात निरोप आला, हरकत आली आहे, सुनावणीला या.

“कुणाची ते कारकुनाला विचार ना,” मी म्हटलं.

“विचारलं की आपण घाबरलोय हे त्यांना कळतं.”

म्हणून तिने न विचारताच शोध सुरू केला. बेकरीवालीने पाव देताना वर पाहिलं नाही, म्हणून ती. पाद्र्याने नेहमीपेक्षा गोड हसून नमस्कार केला, म्हणून तो. शेजारच्या वाल्किरियाने चौकशी केली म्हणून ती, आणि तिच्या नवऱ्याने केली नाही म्हणून तो. त्या दिवसांत नाइरने इतक्या जणांना ‘आभार’ म्हटलं, की आमच्या गल्लीत भोपळा फिरायचा थांबला. एके दिवशी मलाही म्हणाली. मी उठून घरी आले. वाईट वाटलं, पण अंगणातून तिचं यंत्र ऐकू येत होतं, शिवण चुकल्यासारखं मधेच अडणारं.

फक्त खाटीक एबेर तिला निर्दोष वाटत होता. तो दर शनिवारी एलिदाशी पत्ते खेळायचा आणि ‘धाकटीसाठी’ बैलाची जीभ बाजूला काढून ठेवायचा.

सुनावणीला आम्ही आत गेलो, तर टोपी हातात चुरगाळत एबेरच उभा.

“तू?” नाइर म्हणाली. “तुला कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. बाईने बाईशी लग्न केलं तर आता चालतं, ते मी वाचलंय. पण सख्ख्या बहिणीशी? इस्पितळाच्या कागदापायी तुम्ही भलतंच करून बसलात, थोरले. धाकटीचं हृदय हे असं. तिला तुरुंगात घालायचंय?”

कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी जन्मदाखले उलटसुलट करून पाहिले. “कागदावर नातं दिसत नाही. पण हे गृहस्थ शपथेवर सांगतात, सबंध गाव सांगतं. तेव्हा तुमच्याच तोंडून ऐकू द्या. तुम्ही एकमेकींच्या कोण?”

मी एलिदाकडे पाहिलं. या वेळी तिने उत्तर दिलं नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

नाइरने खोलीभर नजर फिरवली, जणू कुठेतरी सापळा लावलेला आहे आणि तो आधी दिसायला हवा.

“बहीण नाही,” ती म्हणाली. “बहिणीसाठी मी एवढ्या लांब आले नसते.”

हरकत तिथेच निकाली निघाली. पण एबेर दारात आमची वाट अडवून उभा राहिला.

“मग तुमची आई गेली तेव्हा मी दोघींना धरून रडलो, ते?”

“आई एलिदाची होती.”

“आणि परसातलं लिंबू? आजोबांच्या हातचं कलम म्हणालात.”

“बाजारातून आणलं होतं.”

“म्हणजे पत्तेसुद्धा...”

“पत्त्यांत कधीच फसवलं नाही, एबेर,” एलिदा म्हणाली.

“ते आता कशावरून?”

लग्नाला तो आला. मागच्या भिंतीला टेकून, न्यायाधीशबाई दोघींच्या आईवडिलांची नावं वाचत होत्या ती कान देऊन ऐकत राहिला. तांदूळ उधळले नाहीत. शनिवारीही फिरकला नाही. एलिदा एकटीच पत्ते पिसत बसायची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे त्याची मटणाची गाडी आमच्या दाराशी येऊन थांबली.

“बसने नेणार होतात हिला?” त्याने खिडकीतून विचारलं.

नाइर माझ्या कानाशी आली. “याला काय हवंय?”

“गाडीत बस आधी,” मी म्हटलं.

वाटेत तिने माते केला. पहिला भोपळा तिने एबेरला दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने एका हाताने गाडी सांभाळत घोट ओढला, नळी खळखळेपर्यंत ओढला आणि भोपळा मागे दिला.

“पाणी कोमट आहे,” एवढंच म्हणाला.

नाइरने दुसरा थर्मास उघडला.

इस्पितळाच्या त्याच दरवाजाशी परिचारिका होती, दुसरी, तरुण. तिने मान वर न करता विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“बायको.”

“या आत.”

नाइर जागची हलली नाही. लग्नाची पुस्तिका तिने बॅगेतून काढून पुढे धरली होती.

“पाहायचं नाही का?” तिने विचारलं.

“कशाला?”

नाइरने आमच्याकडे वळून पाहिलं. हे इतकं सोपं असणार नाही, यात काहीतरी गोम आहे, असं तिच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एबेरने तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि तिला आत ढकललं.