दुसरी किल्ली भिमाजीकडे

पिंपळगाव बसवंतला हायवे सोडून आत वळलं की सात किलोमीटरवर खडकवाडी लागते. तिथल्या खंडोबाच्या देवळातली दानपेटी दोन कुलपांची आहे, आणि त्या दोन किल्ल्यांबाबत गावाचा नियम मोठा पक्का. एक किल्ली ज्या घरात, त्या घराशी ज्याचं बोलणं नाही अशाच घरात दुसरी ठेवायची. एकमेकांच्या ओट्यावर बसून चहा पिणारे दोघं एक दिवस मिळून पेटीही उघडतील, अशी गावाला धास्ती. मागं एकदा दोन किल्लीवाल्यांच्या पोरापोरीचं लग्न जुळलं, तर हळद लागायच्या आत गावानं एकाकडची किल्ली काढून घेतली होती.

खंडेराव मोगलाच्या घरात एक किल्ली आजोबापासून आहे. दुसरी अकरा वर्षांपूर्वी भिमाजी ढोमशाकडं गेली. त्या साली एका लग्नाच्या पंगतीत भिमाजी दीडशे माणसांदेखत म्हणाला, की खंडेरावच्या बेदाण्यात काड्या निघतात. खंडेराव भरल्या ताटावरून उठला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. गावानं मात्र आठ दिवसांत भिमाजीच्या हातावर किल्ली ठेवली. एवढं चांगलं भांडण वाया का घालवायचं? तेव्हापासून दर चंपाषष्ठीला दोघं पेटीपुढं येतात, एक डावं कुलूप फिरवतो, एक उजवं, आणि एकमेकांकडं न बघता घरी जातात.

आता दुसऱ्या कशात काड्या काढल्या असत्या तर खंडेरावनं हसून सोडून दिलं असतं. पण बेदाणा म्हणजे त्याचा जीव. तरुणपणी तो द्राक्षांच्या पॅकहाउसात हमाल होता. निर्यातीच्या पेटीत न बसणारे मणी टोपल्याच्या टोपल्या बाहेर पडताना बघून त्यानं चार बांबू रोवले, जाळ्या ताणल्या आणि ते मणी सुकवायला घातले. आज त्याचं स्वतःचं शेड आहे, पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही तो चष्मा लावून परातीपुढं बसतो आणि मण्यामण्याची काडी चिमटीनं खुडतो. शेडवरच्या बाया म्हणतात, नानांना सपनातबी काडीच दिसती.

त्याचा मुलगा दीपक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर जातो. सून उज्वला घोटीकडची, कॉम्प्युटर शिकलेली. तिनं दोन वर्षं खपून सासऱ्याच्या बेदाण्याची वेबसाइट उभी केली. पहिल्या दिवशी खंडेरावनं मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं की हे दुकान आहे कुठं. उज्वलानं समजावलं. ते त्याला समजलं, आणि समजलं म्हणजे मार्केट यार्डाच्या फाटकापाशी चहा प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावणं त्याच्यावर आलं.

त्याचं म्हणणं असं. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. नाव आपलं, पण दर वर्षी नव्यानं नोंदवावं लागतं, नाहीतर दुसरा कुणी तीच पाटी आपल्या दारावर लावतो. होस्टिंग म्हणजे कोल्ड स्टोरेज. माल आपला, खोली त्यांची. ती खोली ज्या यंत्रात असते तो सर्व्हर, तो कुठंतरी लांब असतो आणि त्याची लाइट कधी जाऊ द्यायची नसते. गूगलवर वर दिसायचं म्हणजे फाटकाजवळचा गाळा मिळवायचा. त्याला उज्वला एसईओ म्हणते, त्यासाठी मालाची माहिती नीट, खरी लिहावी लागते, गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द वापरावे लागतात. आणि ज्याला एवढा धीर नाही त्यानं जाहिरात द्यायची. म्हणजे भोंग्याची रिक्षा लावायची, पण ही रिक्षावाली मंडळी भलती बेरकी, जेवढी माणसं मान वळवून दुकानात शिरतील तेवढ्यांचेच पैसे घेतात.

एका टेम्पोवाल्यानं विचारलं, की मंग बॅकअप काय भानगड हाय. खंडेराव म्हणाला की आमच्या सिंधूनं लोणच्याची एक बरणी बहिणीकडं ठेवलेली असती, ते.

सुरक्षेच्या पायरीशी मात्र गाडी अडली. उज्वलानं आधी पासवर्ड बदलायला लावला, कारण जुना पासवर्ड शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेला होता. मग म्हणाली, नुसता पासवर्ड पुरत नाही, दुसरी पायरी लावायची. पासवर्ड टाकला की एका फोनवर सहा आकडे येतील, ते टाकल्याशिवाय आत जाता येणार नाही. विश्वासाचा एक नंबर तिथं भरा, असं सांगून ती पोळ्या लाटायला गेली.

खंडेराव स्क्रीनपुढं बसून राहिला. हे सगळं त्याला ओळखीचं होतं. ही दोन कुलपांची पेटी होती. मग दुसरी किल्ली घरात ठेवून कसं चालेल? देवळाच्या पावतीपुस्तकावर दोन्ही किल्लीवाल्यांचे नंबर छापलेले असतात. त्यानं पुस्तक काढलं, बोट ठेवून ठेवून भिमाजीचा नंबर भरला.

आकडे भिमाजीच्या फोनवर गेले. पुरुषांचं भांडण बायकांना लागू नव्हतं, म्हणून खंडेरावची बायको सिंधुबाई रस्ता ओलांडून भिमाजीच्या लताबाईकडं गेली. भिमाजीनं सगळं ऐकून घेतलं, आकडे कागदावर लिहिले, कागदाची चार घड्यांची पुडी केली. पुडी येईपर्यंत आकडे शिळे झाले. सिंधुबाईनं तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला पळत आली तेव्हा काम झालं. ती धापा टाकत म्हणाली, की पुन्हा हे कुलूप लावाल तर पोळ्या तुम्ही लाटा. भिमाजीचाही निरोप आलाच मागोमाग: किल्ली बाईमाणसाच्या पदरात फिरत नसती, पुढच्या टायमाला मी सोता येईन.

उज्वलाला यातलं काहीच कळलं नाही. तिचा कॉम्प्युटर ओळखीचा झालेला होता, रोजच्या कामाला तो आकडे मागत नव्हता.

मग मार्गशीर्षातला तो सोमवार उजाडला. उज्वला पोरीचे दात दाखवायला नाशिकला गेलेली. खंडेरावच्या फोनवर मेल आला: आदरणीय खंडेरावजी, आपले डोमेन आज सायंकाळी सहा वाजता बंद होत आहे, कृपया खालील ठिकाणी माहिती भरावी. उभ्या जन्मात त्याला कुणी आदरणीय म्हटलं नव्हतं. शिवाय पाटी दर वर्षी नोंदवावी लागते हे तोच तर फाटकावर सांगत होता. पाटी गेली तर दोन वर्षांची मेहनत, चौदाशे गिऱ्हाइकांची नावं, सगळं दुसऱ्याच्या दारात जाणार. त्यानं पान उघडलं. उज्वलानं शिकवल्याप्रमाणं वर कुलपाचं चिन्ह आहे का ते बघितलं. होतं. पासवर्ड भरला. आकडे कुठल्या नंबरवर येतात तो रकाना होता, तिथं प्रामाणिकपणानं भिमाजीचा नंबर भरला, आणि वेळेवर काम झालं म्हणून शेंगदाणे खात बसला.

दुपारी उज्वला परत आली ती फोनकडं बघतच. होस्टिंगच्या कंपनीचा इशारा आला होता: अनोळखी ठिकाणाहून कुणीतरी बरोबर पासवर्ड टाकून दाराशी उभं आहे, आकड्यांची वाट बघतंय. तिनं विचारलं, नानांनी सांगितलं. ती आधी रागावली नाही, खुर्चीत बसली. म्हणाली, की त्या कुलपाचा अर्थ एवढाच की टेम्पोचा फाळका बंद आहे, वाटेत माल कुणी काढणार नाही. टेम्पो कुणाचा, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी वरचा पत्ता वाचायचा असतो. तो चोराचा होता.

खंडेरावच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. म्हणजे आपण आपल्या हातानं बेदाणा चोराच्या टेम्पोत भरला.

"अजून आत शिरला नाही तो," उज्वला म्हणाली. "आकडे नाहीत त्याच्याकडं. आपण लगेच पासवर्ड बदलू, पण त्यालाही आकडे लागतील. नाना, नंबर कुणाचा दिलाय तुम्ही?"

"भिमाजीचा."

"कोणत्या भिमाजीचा?"

"गावात किती हायेत?"

मग ती रागावली. अकरा वर्षं ज्याच्याशी शब्द नाही, ज्यानं भर पंगतीत अब्रू काढली, त्याच्या हातात सगळं दुकान? चोर आत्ता त्यालाच फोन करत असणार, आणि नानांचं वाटोळं करायची अशी संधी भिमाजीकाकांना पुन्हा कधी मिळायची? हे शेवटचं खंडेरावच्या डोक्यात आलंच नव्हतं. किल्लीवाला असं करत नसतो, एवढंच त्याला माहीत होतं. पण आता आलं.

त्यानं चपला घातल्या. रस्ता वीस पावलांचा, पण त्याला वाटलं आपण घाट चढतोय.

भिमाजी ओट्यावर बाजेवर बसला होता, फोन कानाला. खंडेरावला बघून त्यानं नुसतं बोट वर केलं, थांब म्हणून. पलीकडचा माणूस गोड आवाजात बोलत होता, हे ओट्याखाली उभं राहूनही कळत होतं. भिमाजी मुकाट ऐकत होता. मग सावकाश म्हणाला,

"हे बघ, सकाळधरनं तुझा ह्यो पाचवा फोन. पैल्यांदा म्हनला खंडेरावनं आकडे मागितल्यात. खंडेराव माझ्याकडं मागत नसतो. आता म्हनतो मीच खंडेराव. आरं, खंडेराव अकरा सालात माझ्याशी बोलला नाय, आन तू घंटाभर झाला बोलतोय. तू कोन?"

पलीकडून फोन कापला गेला.

खंडेरावनं घसा साफ केला. अकरा वर्षांत पहिला शब्द कोणता काढावा ते सुचेना. शेवटी म्हणाला, "आकडे पाहिजेत."

"देनार नाय," भिमाजी म्हणाला आणि टोपी घालून उठला. "पेटी कुठंय? चल."

उज्वलानं वाट मोकळी केली. पेटीपुढं उभं राहावं तसे दोघं कॉम्प्युटरपुढं उभे राहिले, खंडेराव डावीकडं, भिमाजी उजवीकडं. तिनं नवा पासवर्ड खंडेरावकडून टाकून घेतला, बाकी जिथं जिथं कुणी आत शिरलं असेल तिथून बाहेर काढायचं बटण दाबलं. आकडे आले. भिमाजीनं फोन छातीशी धरून, कुणाला दिसू न देता, एका बोटानं सहा आकडे दाबले. दार चोराच्या तोंडावर बंद झालं.

घरात एकदम हलकं वाटलं. सिंधुबाईनं चहा आणला. खंडेरावला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटू लागलं, भिमाजीही जरा मऊ झाल्यासारखा दिसला, कपाकडं त्याचा हातही गेला. दोघांना मिळून घरात शिरताना बघून दारात चार माणसं जमली होती. त्यातला एक म्हातारा खाकरला. चंपाषष्ठी चार दिवसांवर होती. भिमाजीनं हा कप तोंडाला लावला की दुसऱ्या किल्लीसाठी गावाला नवं घर शोधावं लागणार होतं, आणि एवढं घट्ट भांडण सध्या दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

भिमाजीचा हात कपापाशीच राहिला. त्याची नजर स्क्रीनवर होती. तिथं खंडेरावच्या बेदाण्याचे फोटो होते, सोनेरी, टपोरे. तो वाकला, जवळ गेला, आणखी जवळ गेला. तिसऱ्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, त्यानं बोट ठेवलं.

"काडी," तो म्हणाला.

खंडेराव लालबुंद झाला. ती सावली आहे, कॅमेऱ्याचा दोष आहे, भिमाजीच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, असं बरंच काही तो बोलला, पण ते सगळं सिंधुबाईला उद्देशून, कारण भिमाजीशी त्याचं बोलणं पुन्हा बंद झालं होतं. भिमाजी चहा तसाच ठेवून, टोपी सारखी करत रस्ता ओलांडून गेला. म्हातारा समाधानानं घरी निघाला.

उज्वलानं संध्याकाळी दोन गोष्टी विचारल्या: दुसऱ्या पायरीला आता तिचा नंबर लावू का, आणि तो फोटो बदलू का. परातीवर वाकलेल्या खंडेरावनं वर न बघता दोन्हींना नाही म्हटलं.

वेबसाइटवर जाऊन बघा. तिसरा फोटो, डावा कोपरा. काडीच आहे ती.