मार्जचा बॉल

चहा हातात घ्या आणि आधी कबूल करा, की हसणार नाही. हसालच म्हणा, पण मग शेवटी माझ्याकडे बघू नका!

कॅल्गरीत आमच्या शेजारी रॉन राहायचा. सत्तरी ओलांडलेला, एकटा. त्याची बायको मार्ज ऐन थंडीत गेली. उन्हाळा लागला तसा हा माझ्या दारात उभा.

"मार्जचं सीझन तिकीट आहे. शेजारची खुर्ची रिकामी बघवत नाही. येतोस?"

नाही कसं म्हणणार? असा मी बेसबॉलला लागलो. टीव्हीवरची मोठी लीग नव्हे हो. आपली गावातली छोटी टीम, दरवर्षी इमानेइतबारे हरणारी. आणि त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, जिंकतच सुटली! प्रत्येक मॅच संपली की रॉन म्हणायचा, "आज मार्ज हवी होती."

मार्ज म्हणे दर मॅचला चामड्याचा ग्लव्ह घेऊन बसायची. प्रेक्षकांत येणारा एक तरी बॉल आपण पकडावा, एवढीच हौस. "आयुष्य गेलं, पण एक बॉल आला नाही तिच्याकडे," रॉन म्हणाला, आणि तो ग्लव्ह त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

आता माझ्या डोक्यातला घोळ ऐका. बॉल प्रेक्षकांत आला की तिथली माणसं तो खुशाल खिशात घालायची! दिवसाढवळ्या! नागपूरला आमच्या गल्लीत वर्गणी काढून बॉल यायचा. जो परत द्यायचा नाही, त्याच्या दारात आम्ही शिमगा करायचो. पण रॉनला विचारणार कसं? "काका, तुमच्याकडचे लोक बॉलचोर आहेत का?" असं?

आली फायनल. स्टँड खच्चून भरलेलं. आणि बॅटला चाटून एक बॉल जो उडाला, तो सरळ माझ्याकडे! ग्लव्ह कसला घालतोय मी? उभा राहिलो आणि नुसत्या हातांनी असा कॅच घेतला, की तळहात पेटले. टाळ्यांचा कडकडाट! रॉन दोन्ही हात वर करून ओरडतोय, "मार्ज! मार्ज!"

म्हटलं, झाली बाईंची इच्छा पुरी. आता बघा रे, प्रामाणिकपणा कशाला म्हणतात! आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मी बॉल मैदानात परत फेकला.

सगळं स्टँड कळवळलं. एका खेळाडूनं तो उचलला आणि पलीकडच्या एका बाईकडे भिरकावला. ती नाचायलाच लागली.

रॉनचे हात हळूहळू खाली आले. "व्हाय?"

"अहो, गेम थांबायला नको ना!" मी अजून ऐटीतच.

"इट्स ओके, बडी."

आपली टीम जिंकली. चॅम्पियन! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. रॉन रडत होता. मला वाटलं, आनंदानं. मीही त्याच्या पाठीवर थापा मारत रडून घेतलं!

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तो बॉल घरी न्यायचा असतो रे. मार्जच्या फोटोपाशी ठेवणार होतो."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. घरी बायकोला सांगितलं, तर तिनं डोक्याला हात लावला. "काऊन फेकला तुम्ही? गेलेल्या बाईची एवढी एकच इच्छा होती ना!"

दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर गेलो. झाडलोट करणाऱ्या माणसाच्या हातापाया पडलो. त्याला दया आली, त्यानं बादलीतून एक बॉल काढून दिला. तो घेऊन थेट रॉनकडे.

"हाच तो! त्या बाईला शोधून काढलं. तिनं परत दिला!"

रॉननं बॉल बराच वेळ हातात फिरवला. "थँक यू," म्हणाला, आणि फोटोपाशी ठेवला. मी गड जिंकल्यासारखा घरी आलो. पुढे कुणीही आलं की रॉन बॉल दाखवून सांगायचा, "माझ्या शेजाऱ्यानं फायनलला पकडला." मी आपला लाजून उभा.

पुढच्या उन्हाळ्यात ती टीमच बंद पडली. रॉनही मुलीकडे कोक्विटलामला निघाला. मी सामान बांधायला गेलो. फोटोपाशी हात घातला, बॉल उचलला. त्याच्या भिंतीकडच्या बाजूवर ठसठशीत निळ्या अक्षरांत छापलं होतं, 'प्रॅक्टिस'.

मी बॉल तसाच हातात धरून रॉनकडे वळलो.

"मला त्याच दिवशी दिसलं होतं," रॉन म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मार्जसाठी इतकी धडपड करणारं दुसरं कोण होतं मला?" त्यानं बॉल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या बॅगेत अगदी वर ठेवला. "आणि हे बघ, मार्जला चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग तो बॅगेची चेन लावत बसला आणि मी उगाचच बांधलेली खोकी पुन्हा बांधत.

अरे हो, माझी नोकरी विचारलीच नाही तुम्ही. तेलाच्या कंपनीत आहे. पाइपांवरचे शिक्के तपासतो!