टॉयलेटच्या स्लॅबवरचं बास्केटबॉल

रुखसारनं तिसऱ्यांदा बॉल लाथेनं उडवला तेव्हा पंचांनी शिट्टी वाजवली आणि मला हातानं बोलावलं.

"सर, मुलींना खेळ सांगितलाय ना?"

"सांगितलाय."

"बास्केटबॉलच सांगितलाय ना?"

मी मान हलवली. मागे खुर्च्यांवर आमचे मुख्याध्यापक गायके सर आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष बसले होते. स्पर्धा विभागीय होती. स्कोअर अठरा-शून्य होता. आणि कुंपणापलीकडे, त्याच क्रीडा संकुलाच्या दुसऱ्या मैदानावर, आमच्याच शाळेची फुटबॉलची जिल्हा फायनल सुरू होती. शाळेत खेळणाऱ्या मुली एकूण चौदा. पाच माझ्यासमोर बास्केटबॉलला लाथा मारत होत्या. उरलेल्या नऊ जणी पलीकडे अकरा जणींशी फुटबॉल खेळत होत्या.

हे कसं झालं ते सांगतो. यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा फारसा दोष नाही.

पैठण रस्त्याकडच्या एका लहान गावातल्या हायस्कूलमध्ये मी क्रीडाशिक्षक आहे. शाळा सुरू झाली की तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांची नियोजनाची सभा होते. खरं नियोजन सभेनंतर चहाच्या टपरीवर होतं. तिथं आम्ही खेळ वाटून घेतो. म्हणजे एका खेळात एकाच शाळेनं एंट्री भरायची, बाकीच्यांनी भरायची नाही. समोर संघच नसला की तुमचा संघ न खेळता जिंकतो. याला आमच्याकडे 'पुढे चाल' म्हणतात. शाळेला प्रमाणपत्र मिळतं, मुख्याध्यापक खूश होतात, दहावीच्या मुलांना क्रीडागुणांची आशा लागते. सगळ्यांचं भलं.

त्या वर्षी थ्रोबॉल घेतलेले शेख सर मला म्हणाले, "काळे सर, बास्केटबॉल तुम ले लो."

"आमच्याकडं रिंग नाही, शेख सर."

"रिंग कायकू? खेलना थोडी है!"

मी एंट्री भरली. मुलींच्या फुटबॉल संघाचीच चौदा नावं बास्केटबॉलच्या फॉर्मवरही टाकली.

फुटबॉल मात्र आम्ही कधी वाटून घेतला नव्हता. तो आमच्या मुली खरोखर खेळायच्या. तीन वर्षं रोज शाळेआधी. कॅप्टन शीतल गोल करायची आणि गोलकीपर रुखसार गोल होऊ द्यायची नाही. आदल्या वर्षी त्या जिल्हा फायनलला हरल्या होत्या. या वेळी शीतलसकट आठ जणी दहावीत होत्या. आमच्या गावात पुढचं कॉलेज नाही. दहावीनंतर कुणी शहरात, कुणी मामाकडे, कुणी घरी. हा संघ पुन्हा एकत्र उभा राहणार नव्हता. ही फायनल जिंकली तरच विभागाला जायला मिळणार होतं, आणि तेवढं एकच त्यांना हवं होतं.

बास्केटबॉलमध्ये आम्ही तालुका जिंकलो. अर्थात घरी बसून. आजवरचा अनुभव असा, की पुढे जिल्ह्याला कुणीतरी खरं खेळणारं भेटतं, आपण पहिल्याच मॅचला हरतो आणि विषय तिथं मिटतो. पण त्या वर्षी इतर तालुक्यांनीही आपापल्या टपरीवर खेळ वाटून घेतले होते, आणि बास्केटबॉल कुणाच्याच वाट्याला गेला नव्हता. आम्ही जिल्हाही जिंकलो. ग्रुपवर 'अभिनंदन' आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट बाजूला सारून आधी फुटबॉलच्या तारखा बघितल्या.

फुटबॉलची फायनल पावसामुळे दोनदा पुढे गेली आणि नेमकी विभागीय बास्केटबॉलच्या दिवशी आली. मी गायके सरांकडे गेलो.

"सर, बास्केटबॉलला जायला नको. आपल्याला येत नाही."

"येत नाही? मग जिल्हा कसा जिंकलात?"

"समोर कुणी नव्हतं."

"काळे, तुम्ही फार विनयशील आहात. अध्यक्षांना मी सांगून बसलोय. ते स्वतः येणार आहेत बघायला. जिल्हा मोठा की विभाग?"

"विभाग."

"झालं तर मग. पाच मुली इकडं द्या. फुटबॉलला नऊ जणी खेळलेल्या चालतात ना नियमात?"

नियमात सात जणीही चालतात. हे मी बोललो नाही, नाहीतर त्यांनी सात मागितल्या असत्या. तेव्हाच खरं काय ते सगळं सांगायला हवं होतं, की सर, हे टपरीवर ठरलेलं आहे. पण मग प्रश्न त्या एका वर्षाचा राहिला नसता. आधीच्या बऱ्याच ट्रॉफ्या कपाटातून बाहेर काढाव्या लागल्या असत्या.

सरावाला सहा दिवस होते. बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर असते. आमच्या शाळेत बरोबर दहा फुटांवर एकच गोष्ट होती, मुलींच्या टॉयलेटचा स्लॅब. मी टेपनं मोजला. मग नियम केला, की बॉल स्लॅबवर पडला की बास्केट. मुली पटापट शिकल्या. अडचण एवढीच, की दर बास्केटनंतर एकीला वर चढावं लागायचं.

आता राहिलं पाच जणी निवडायचं. आदल्या दिवशी शीतल स्टाफरूमच्या दारात आली.

"सर, कुणीबी न्या. मला न्या पायजे तर. पण रुखसारला ऱ्हाऊ द्या."

"बघतो."

"बघतो नका म्हणू सर. तिच्याबिगर गोलात उभं कोण ऱ्हाईल?"

मी पुन्हा बघतो म्हणालो. आणि यादीत पहिलं नाव रुखसारचं लिहिलं. साऱ्या संघात बॉल हातात धरता येणारी ती एकटीच होती. अध्यक्षांसमोर आपला स्कोअर शून्य राहू नये, एवढाच माझा विचार होता. दुसऱ्या दिवशी मुलींनी यादी पाहिली. शीतलनं विचारलं, "हे हेडसरनं टाकलं ना नाव?" मी काहीच बोललो नाही. त्या गप्प राहण्याला ती हो समजली.

तर आता मॅच. बॉल हातात घेऊन जास्त पावलं चाललं की चूक धरतात. आमच्या मुली थेट पळत सुटायच्या. रिंगवर टाकायची वेळ आली की बॉल बोर्डाच्या वरून मागे जायचा, कारण स्लॅबचा सराव तसाच होता. बॉल मागे पडला की आमच्या मुली टाळ्या वाजवायच्या. पहिल्या दोनदा अध्यक्षांनीही वाजवल्या.

एकदा रुखसारनं आमच्याच रिंगखाली बॉल पकडला आणि गोलकीपर गोल-किकऐवजी फेकतो तसा सगळी ताकद लावून फेकला. तो मैदानाची मधली रेघ ओलांडून सरळ समोरच्या रिंगमध्ये गेला. तीन गुण. गायके सर उभे राहिले. "बघा, साहेब! पाचही बोटं सारखी नसतात, पण हिची बघा!" ते काय म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं. त्याच क्षणी कुंपणापलीकडे आरडाओरडा झाला. आमच्यावर गोल झाला होता. गोलात शीतल उभी होती.

रुखसार धावत माझ्याकडे आली.

"सर, हितून बाहेर कसं निघायचं?"

"बदली खेळाडू नाही, बेटा. मधेच जाता येत नाही."

"कायच करून नाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या आठवड्यात सवयही झाली होती. पण म्हणालो, "पाच फाऊल झाले की पंचच बाहेर काढतात."

"किती झालेत माझे?"

"एक."

तिनं पुढच्या दोन मिनिटांत चार केले. समोरच्या मुलीचा हात धरायची आणि पंचांकडे बघायची. शिट्टी वाजली की "सॉरी गं" म्हणायची आणि दुसरीचा धरायची. शेवटची मुलगी तर स्वतःच हात पुढे करून हसत उभी राहिली. पाचवी शिट्टी झाली तशी रुखसारनं बॅगेतून ग्लोव्हज काढले आणि कुंपणाच्या फाटकातून पळाली.

"ही कुठं निघाली?" अध्यक्ष.

"पाणी प्यायला," गायके सर.

मग दुसरी आली. "सर, म्या बी करू का पाच?" तिच्या मागे तिसरी. मी नको म्हणेपर्यंत दोघींचेही झाले होते. कोर्टवर दोघीच उरल्या. दोघींहून कमी झाल्या की संघ बाद होतो. मी त्या दोघींना अक्षरशः हात जोडले, की कुणाला शिवूही नका. त्यांनी ऐकलं. उरलेली मॅच त्या हात मागे बांधून खेळल्या. समोरचा संघ बास्केट करत राहिला आणि या दोघी बाजूला होऊन त्यांना वाट देत राहिल्या.

शहात्तर-तीन.

मी कुंपणापलीकडे पोचलो तेव्हा फुटबॉलची चार मिनिटं राहिली होती. तिघीही वेळेत पोचल्या होत्या; दोघींनी अकरा भरल्या, तिसरी रेषेबाहेर बदली म्हणून उभी होती. रुखसार गोलात होती, शीतल पुढे. त्या चार मिनिटांत शीतलचा एक शॉट खांबाला लागून परत आला. दुसरा त्यांच्या गोलकीपरनं पोटाशी धरला. शिट्टी झाली. आम्ही एक-शून्यनं हरलो.

शीतल बूट काढत बसली होती. वर न बघता म्हणाली, "हारलो ते ठीक हाय सर. पण घरी इचारतील, नऊच कामून खेळल्या. काय सांगू?"

"सांग, तारखा एकत्र आल्या."

"व्हय," ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.

बास्केटबॉलचं अजून संपलं नव्हतं. विभागात चारच संघ आले होते, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकासाठी आमच्यासारखाच हरलेला एक संघ होता. तो परतीच्या बससाठी लवकर निघून गेला होता. आम्हाला पुढे चाल मिळाली. विभागात तिसरे.

शाळेत सत्कार झाला. मला शाल मिळाली. आज खरं बोलायचंच असं ठरवून उठलो होतो, पण शाल खांद्यावर पडली आणि मी आभार मानून खाली बसलो. अध्यक्षांनी शाळेला सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट जाहीर केलं. जागा बघायला इंजिनिअर आला. सगळ्या आवारात सपाट जमीन एकाच ठिकाणी होती, जिथं मुली तीन वर्षं फुटबॉल खेळल्या होत्या. कोर्ट तिथं झालं. उत्तम झालंय. दोन रिंगा आहेत. फुटबॉलची एंट्री त्या वर्षापासून बंद आहे.

नवीन वर्षी टपरीवर शेख सर म्हणाले, "बास्केटबॉल तुम्हारेच पास रहने दो. अब तो कोर्ट बी है." मी म्हणालो, या वेळी सगळ्यांनी एंट्री भरा, मला खेळायचंय. तीन शाळांनी भरली. आम्ही तालुक्यालाच पहिली मॅच हरलो. गायके सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

रुखसार तेव्हा नववीत होती. गेल्या वर्षी दहावीचा दाखला घ्यायला आली. दाखल्याआधी खेळाचं साहित्य परत दिल्याची माझी सही लागते. मी सही केली आणि म्हणालो, "रुखसार, त्या यादीत तुझं नाव हेडसरांनी नव्हतं घातलं. मी घातलं होतं."

तिनं उचललेला कागद परत टेबलावर ठेवला.

"काय सर तुमी! आमी चौदा जणींनी वर्षभर हेडसरला शिव्या घातल्या. आता त्या परत कशा घ्यायच्या?"

"माझ्या नावावर कर."

"आता मी कुठं करत बसू. शीतलला सांगते, ती करील," ती म्हणाली आणि कागद उचलून दाखला घ्यायला गेली.

बावीस वर्षांच्या नोकरीनंतर नव्या क्रीडाशिक्षकांना मी एवढंच सांगतो. हरलेल्या मॅचचं खापर पंचांवर फोडता येतं. न खेळता जिंकलेल्या मॅचला पंचही नसतो.